मागचा अ‍ॅक्सल बदलण्यापूर्वी मोडलेला शाफ्ट नीट पाहावा

शहादा तालुक्यातील एका तरुण शेतकरी बंधूंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे मागेपुढे पाटे असलेली जुनी फोर-व्हील ड्राइव्ह महिंद्रा जीप आहे. तिच्यात नंतर टर्बो डिझेल इंजिन बसवलेले आहे. मूळच्या 28 इंची टायरांच्या जागी 31 इंची टायर आले असून त्यांच्यासाठी मडगार्डच्या बाहेर डोकावणाऱ्या रुंद रिम घातल्या आहेत. शेतीच्या कामाबरोबरच धडगावकडच्या पाड्यांवर खत, बियाणे, पत्रे पोहोचवण्यासाठी आणि पावसाळ्यात मित्रांसोबत सातपुड्यात फिरण्यासाठी ही गाडी वापरली जाते. वर्षभरात मागच्या अ‍ॅक्सलचा उजवा शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) दोनदा मोडला, आणि दुसऱ्या वेळी तो चांदसैली घाटात मोडला. आता भंगार बाजारात त्यांना एका मालवाहू गाडीचा जड फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सल मिळतो आहे. तो घ्यावा, की आहे त्याच अ‍ॅक्सलमध्ये भारी शाफ्ट आणि लॉकर (मागची दोन्ही चाके एकत्र जखडणारे यंत्र) बसवावा, असे त्यांनी विचारले आहे. सोबत मोडलेल्या शाफ्टची छायाचित्रेही पाठवली आहेत, हे फार चांगले केले, कारण माझे उत्तर मुख्यतः त्या छायाचित्रांवर उभे आहे.

धुळ्यात जीपगाड्यांची कामे करता करता मला तीस वर्षे होत आली. या काळात मोडलेला शाफ्ट न पाहता नवा अ‍ॅक्सल विकत घेणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, आणि त्यांतली बरीच जण सहा महिन्यांत पुन्हा त्याच जागी आली. शाफ्ट कशामुळे मोडला हे त्याच्या तुटलेल्या तोंडावर लिहिलेले असते. शाफ्ट पिळून मोडला असेल तर स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावरच्या खाचांच्या) सरळ रेषा दोरीच्या पिळासारख्या तिरक्या झालेल्या दिसतात, किंवा कडक पाणी दिलेल्या शाफ्टचा तुकडा साधारण 45 अंशांच्या तिरक्या, दातेरी रेषेत निघतो. असा शाफ्ट टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, मोडलेला असतो, आणि तिथे जाड शाफ्ट हाच उपाय ठरतो. याउलट तुटलेले तोंड जवळजवळ सपाट असेल, त्याचा काही भाग गुळगुळीत आणि काळपट असून त्यावर नदीकाठच्या ओल्या वाळूवर पाणी ओसरताना उमटतात तशा कमानदार रेषा असतील आणि उरलेला भाग खडबडीत, चकचकीत दाणेदार असेल, तर तो शाफ्ट एका दिवसात मोडलेला नसतो. बारीक चीर कित्येक महिने थोडी थोडी पुढे सरकत राहते आणि उरलेले पोलाद भार पेलेनासे झाले की तो तुटतो. ही वाकण्यामुळे आलेली थकव्याची मोड होय.

आपल्या छायाचित्रात नेमके हेच दिसते. मोड हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाच्या, लगत आहे. हब शाफ्टवर धरणाऱ्या चावीच्या खाचेच्या एका कोपऱ्यातून कमानदार रेषा सुरू होतात आणि त्यांनी तोंडाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग व्यापला आहे. ताजी, दाणेदार मोड फक्त विरुद्ध कडेला आहे. आतल्या टोकाच्या स्प्लाइन अगदी सरळ आहेत. याचा अर्थ चांदसैलीत शाफ्ट मोडला खरा, परंतु त्याला चीर कितीतरी आधी पडलेली होती, आणि ती इंजिनाच्या ताकदीमुळे पडलेली नाही. क्राउन आणि पिनियन (ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रे) आपण उघडून पाहिले आणि दात चांगले आहेत असे लिहिले आहे, त्यामुळे मोठ्या क्राउनचा अ‍ॅक्सल हे या दुखण्याचे औषध नव्हे. फुल-फ्लोटिंग ही कल्पना मात्र योग्य दिशेची आहे. ती का, हे समजून घेतले तर बाकीचे निर्णय सोपे होतात.

मागच्या अ‍ॅक्सलमधील शाफ्टला दोन निराळी कामे करावी लागू शकतात. पहिले काम चाक फिरवण्याचे, म्हणजे पिळ सहन करण्याचे. दुसरे काम गाडीचे वजन चाकावर उभे ठेवण्याचे, म्हणजे वाकणे सहन करण्याचे. सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये बाहेरच्या टोकाला एकच बेअरिंग शाफ्टवर बसलेले असते आणि चाक शाफ्टलाच जोडलेले असते, त्यामुळे शाफ्ट ही दोन्ही कामे करतो. फुल-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये हब दोन बेअरिंगांवर थेट हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) नळीच्या टोकावर फिरतो, वजन हाउसिंग घेते आणि शाफ्टकडे केवळ फिरवण्याचे काम उरते. तिथे शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहते, आणि गाडी जॅकवर न घेता बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढता येतो. ट्रकचे चालक रस्त्याच्या कडेला शाफ्ट ओढून काढतात ते यामुळेच.

आपला अ‍ॅक्सल कोणत्या जातीचा आहे हे ओळखण्यासाठी पुस्तक लागत नाही. चाकाच्या मधली टोपी काढल्यावर मोठा खाचांचा नट आणि त्यात स्प्लिट पिन दिसली, तर तो जुन्या विलीज (मूळची अमेरिकन जीप) घराण्याचा टेपर शाफ्ट आहे, ज्यावर हब निमुळत्या भागावर दाबून बसतो आणि एका चावीने धरला जातो. नट दिसत नाही, फक्त चाकाचे स्टड असलेली सपाट चकती दिसते, तर शाफ्ट आणि ती चकती (फ्लँज) एकसंध आहेत. तोही सेमी-फ्लोटिंगच, परंतु टेपरपेक्षा पुष्कळ भरवशाचा असतो. आणि मध्यभागी पुढे आलेला हब असून त्याच्या तोंडावर लहान बोल्टांची वर्तुळाकार रांग असेल, तर तो फुल-फ्लोटिंग. आपला पहिल्या प्रकारचा आहे.

टेपर आणि चावीची ही रचना जड मालवाहू गाडीला शोभणारी नाही, तशीच ती वाईटही नाही. ती हलक्या जीपसाठी आणि अरुंद टायरसाठी होती. तिची दुखती जागा म्हणजे चावीच्या खाचेचा कोपरा, कारण कोणत्याही टोकदार आतल्या कोपऱ्यात ताण साचतो. त्यात नट थोडा जरी सैल राहिला, किंवा बसवताना टेपरला ग्रीस लावले गेले, तर हब टेपरवर न धरता सगळा झटका चावीवर येतो. टेपर नेहमी कोरडा आणि स्वच्छ असावा, नट पूर्ण टॉर्कने आवळावा, आणि स्प्लिट पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे न फिरवता आणखी पुढे आवळावा. मला भेटलेल्या टेपरच्या निम्म्याअधिक मोडी या तीन चुकांपैकी एकीतून आलेल्या होत्या.

आता बाहेर निघालेल्या रिमचा विचार करू. समजा मूळ रिमवर टायरचा मध्य बेअरिंगच्या मध्यापासून 60 मिलिमीटर बाहेर होता आणि आता तो 100 मिलिमीटर झाला. वजन तेच असले तरी शाफ्टला वाकवणारा जोर 60 चा 100 होतो, म्हणजे दोन-तृतीयांशाने वाढतो. हा जोर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात शाफ्टच्या वरून खाली आणि खालून वर असा पालटत राहतो. डांबरी रस्त्यावर शहादा ते धडगाव एकदा जाऊन येण्यातच चाक हजारो वेळा फिरते. तारेचा तुकडा इकडून तिकडे वाकवत राहिले की तो जसा तुटतो, तसेच हे होते. त्यात आडव्या उतारावर गाडी कलली की टायरच्या तळाशी बाजूने येणारा रेटा चाकाच्या त्रिज्येइतक्या लांब दांड्याने शाफ्टला वाकवतो, आणि 31 इंची टायरने तो दांडाही लांब केलेला आहे. म्हणून माझा पहिला सल्ला कोणत्याही अ‍ॅक्सलबद्दलचा नाही. शक्य तेवढी आत बसणारी रिम घ्यावी. स्पेसर (चाक बाहेर ढकलणाऱ्या चकत्या) लावले असतील तर ते आजच काढावेत.

दोन्ही वेळा उजवाच शाफ्ट का मोडला, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या जीपचा ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी) मागचा ड्राइव्ह उजव्या बाजूने देतो आणि म्हणून मागचा डिफरन्शियलही (दोन चाकांत ताकद वाटणारा मधला गोळा) उजवीकडे सरकलेला असतो. उजवा शाफ्ट आखूड, डावा लांब. लांब शाफ्ट झटका आला की थोडा पिळून तो शोषून घेतो, तर आखूड शाफ्टला तेवढी मोकळीक नसते. परंतु आपली मोड पिळाची नसल्यामुळे मला त्याहून दाट संशय उजवी नळी वाकल्याचा आहे. नळी वाकलेली असेल तर नवा, कितीही चांगला शाफ्ट घातला तरी तो पहिल्या दिवसापासून वाकूनच फिरेल.

हे तपासणे घरच्या अंगणात शक्य आहे. सपाट फरशीवर गाडी उभी करून दोन्ही मागच्या टायरांवर, हबच्या उंचीवर, पुढच्या बाजूला खडूने एकेक खूण करावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजावे. नंतर गाडी ढकलून चाके बरोबर अर्धा फेरा फिरवावीत, म्हणजे त्याच खुणा मागच्या बाजूला येतील, आणि पुन्हा मोजावे. खुणा त्याच असल्यामुळे रिम वाकडी असली तरी मापात चूक येत नाही. दोन मापांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर हाउसिंग काढून लेथवर तपासावे. उभा कल पाहण्यासाठी गवंड्याचा ओळंबा रिमच्या वरच्या कडेपासून सोडावा आणि दोन्ही बाजूंची तुलना करावी. भरलेली गाडी मुरमाच्या नाल्यात आदळल्यावर नळ्यांची टोके वर उचलली जाऊन चाके वरच्या बाजूने आत झुकलेली मी अनेकदा पाहिली आहेत. डोळ्यांना ते कळत नाही, ओळंब्याला कळते.

टॉर्कचा हिशेबही एकदा मांडून पाहू, कारण लॉकरचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. इंजिनाचा टॉर्क 180 न्यूटन-मीटर धरू, पहिला गिअर 4 आणि ट्रान्सफर केसचा लो-रेंज 2.46. क्राउन-पिनियन 4.88 चे असेल तर कागदावर चाकांपाशी सुमारे 8,600 न्यूटन-मीटर मिळतात. प्रत्यक्षात एवढा टॉर्क शाफ्टपर्यंत कधीच पोहोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. चढावर मागच्या दोन चाकांवर 1,200 किलो वजन आले, कोरड्या खडकावर पकडीचा गुणांक 0.8 आणि दबलेल्या टायरची त्रिज्या 0.38 मीटर धरली, तर टायर सुमारे 3,600 न्यूटन-मीटरला घसरू लागतात. साधा डिफरन्शियल दोन्ही शाफ्टना समान टॉर्क देतो, म्हणून एका शाफ्टच्या वाट्याला फार तर 1,800 येतात. लॉकर लावून एक चाक हवेत गेले, की सगळे वजन दुसऱ्या चाकावर आणि सगळे 3,600 एकाच शाफ्टवर. लॉकर गाडीची ताकद वाढवत नाही, परंतु एका शाफ्टवरचा जास्तीत जास्त भार दुप्पट करतो. शिवाय उड्या मारणारे चाक एकदम दगडाला धरते तेव्हा या आकड्याच्याही वर झटका जातो.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. अ‍ॅक्सलवरचा भार इंजिनापेक्षा वजन, टायरची त्रिज्या आणि पकड यांनी ठरतो. म्हणून कोणी अ‍ॅक्सल विचारायला आले, की मी इंजिन किती अश्वशक्तीचे हे शेवटी विचारतो. आधी टायर किती आणि भरलेली गाडी काट्यावर किती भरते ते विचारतो. आपण गाडी खतासह एकदा काट्यावर, नुसती मागची चाके चढवून, तोलून घ्यावी. बाजार समितीत काटा असतोच.

तर मग भंगारातला जड अ‍ॅक्सल. तो बसवता येतो, मी बसवलेले आहेत, परंतु आपल्या जीपसाठी मी तो घेणार नाही. कारणे सविस्तर सांगतो, कारण हीच कारणे दुसऱ्या कोणाला वेगळ्या गाडीसाठी उपयोगी पडतील.

सर्वांत मोठी अडचण डिफरन्शियलच्या जागेची आहे. मालवाहू गाडीचा गोळा साधारणपणे मध्यभागी असतो आणि आपला ड्राइव्ह उजवीकडून येतो. मग प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसकडून डिफरन्शियलकडे ताकद नेणारा दांडा) खाली तर उतरतोच, शिवाय आडवाही तिरका जातो. लांब गाडीत ते चालून जाते. जुन्या जीपची दोन अ‍ॅक्सलांमधली लांबी विलीजच्या काळी 80 इंच होती, अशा आखूड गाडीत मागचा प्रोपेलर शाफ्ट हातभर उरतो आणि त्याच्या दोन्ही क्रॉसवर (टोकांच्या सांध्यांवर) मोठा कोन पडतो. कोन वाढला की थरथर येते, क्रॉसची सुई-बेअरिंगे कोरडी पडतात आणि घाटात क्रॉस तुटून शाफ्ट खाली झोडपू लागतो. साध्या दोन क्रॉसच्या शाफ्टसाठी ट्रान्सफर केसचा आणि पिनियनचा अक्ष समांतर असावा लागतो. गाडी उंच केलेली असेल तर ट्रान्सफर केसकडे दुहेरी क्रॉसचा शाफ्ट घालून पिनियनचे तोंड थेट त्याच्याकडे वळवावे लागते. पाट्याच्या बैठका वेल्ड करण्याआधी हा कोन ठरवावा, नंतर तो बदलायचा म्हणजे वेल्डिंग कापणे आले.

दुसरी गोष्ट क्राउन-पिनियनच्या गुणोत्तराची. फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात, तेव्हा दोन्हीकडे गुणोत्तर एकच पाहिजे. पुढे 4.88 आणि मागे 5.38 असेल तर दर दहा मीटरला जवळपास एक मीटर कोणते ना कोणते चाक घसरलेच पाहिजे. गाळात ते घसरते. कोरड्या खडकावर घसरत नाही, मग ट्रान्सफर केसच्या चेन किंवा गिअरपासून क्रॉसपर्यंत जे कमकुवत असेल ते मोडते. भंगारातला अ‍ॅक्सल घेताना विक्रेत्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये. झाकण उघडून दात मोजावेत. क्राउनचे 39 आणि पिनियनचे 8 म्हणजे 4.88, क्राउनचे 43 आणि पिनियनचे 8 म्हणजे 5.38.

तिसरी गोष्ट रुंदीची. मालवाहू गाडीचा अ‍ॅक्सल बहुधा रुंद असतो. मागची चाके पुढच्या चाकांच्या चाकोरीबाहेर पडली की काळ्या जमिनीत त्यांना स्वतःची नवी चाकोरी कापावी लागते. तापीकाठच्या कपाशीच्या काळ्या मातीत जून-जुलैमध्ये गाडी घातलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. पुढच्या चाकांनी दाबलेल्या मातीत मागची चाके चालली तर निम्मे काम झालेले असते. याखेरीज चाकाच्या बोल्टांचे वर्तुळ जुळावे लागते. जुन्या जीपचे ते 5 बोल्ट आणि 5.5 इंचांचे आहे. जड अ‍ॅक्सलवर सहा किंवा आठ बोल्ट असले तर पुढची आणि मागची चाके वेगवेगळी होतात आणि एकच स्टेपनी पुरत नाही. आणि क्राउन मोठा म्हणजे गोळा मोठा, म्हणजे मोठ्या टायरने मिळवलेली खालची उंची परत गेली. टायर 28 चे 31 केले तेव्हा गोळ्याखाली फक्त दीड इंच वाढलेला आहे, हे लक्षात घ्यावे.

ब्रेकबद्दल मात्र मला काळजीने लिहिले पाहिजे. मोठ्या ड्रमला मोठा व्हील सिलिंडर असतो, त्याला जास्त तेल लागते आणि जुना मास्टर सिलिंडर ते पुरवू शकत नाही. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा आधी धरू लागले तर ओल्या उतारावर गाडी गर्रकन फिरते. आणि हँडब्रेक. जुन्या जीपांमध्ये तो ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असतो, चाकांवर नसतो. साध्या डिफरन्शियलच्या गाडीचा एक शाफ्ट मोडला, की तो हँडब्रेक गाडी धरू शकत नाही, कारण मोडलेल्या बाजूने सगळे मोकळे फिरते. काही वर्षांपूर्वी तोरणमाळच्या घाटात एका गिऱ्हाइकाच्या जीपचा शाफ्ट मोडला. चालकाने हँडब्रेक ओढून खाली पाय ठेवला आणि गाडी मागे निघाली. सोबतच्या मुलाने प्रसंगावधान राखून चाकामागे दगड सारला म्हणून निभावले. घाटात शाफ्ट मोडल्याचा आवाज आला तर पायब्रेक न सोडता आधी फोर-व्हील लावावे, दुसऱ्याने चाकाला उटी लावावी आणि मगच उतरावे. मागच्या चाकांवर स्वतंत्र पार्किंग ब्रेक असलेला अ‍ॅक्सल मिळत असेल, तर त्या एका कारणासाठी मी थोडे जास्त पैसे द्यायला सांगेन.

परदेशी चित्रफिती पाहून डाना 60 किंवा फोर्ड 9 इंच असा अमेरिकी अ‍ॅक्सल मागवावा का, असेही आपण विचारले आहे. डाना 60 च्या क्राउनचा व्यास 9.75 इंच आहे, जनरल मोटर्सच्या 14 बोल्ट अ‍ॅक्सलचा 10.5 इंच. हे अ‍ॅक्सल उत्तम आहेत, परंतु ते 35 ते 40 इंची टायर आणि मोठ्या पेट्रोल इंजिनांसाठी निवडले जातात. 31 इंची टायरच्या हलक्या जीपखाली ते म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरची चाके. डाना 44 च्या घराण्याचा जो अ‍ॅक्सल आपल्या जीपांखाली चालत आला आहे, त्याचा क्राउन साडेआठ इंचांच्या आसपास असतो, आणि 31 ते 33 इंची टायरला तो, शाफ्ट चांगले असतील तर, पुरतो.

म्हणून माझा सल्ला असा आहे की हाउसिंग तेच ठेवावे, ते सरळ असल्याची खात्री करावी, आणि बाहेरची टोके बदलावीत. यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला, टेपर काढून एकसंध फ्लँजचे शाफ्ट बसवणे. यात चावीची खाच नाहीशी होते आणि आपले सध्याचे दुखणे मुळातून जाते. दुसरा, त्याच हाउसिंगच्या टोकांवर स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा) आणि हब बसवून फुल-फ्लोटिंग करणे. हा जास्त खर्चाचा आहे आणि काम अचूक हवे, कारण स्पिंडल नळीशी एका रेषेत नसेल तर बेअरिंग आणि सील टिकत नाहीत. आपण पाड्यांवर भरलेली गाडी नेता, मोबाइलची रेंज नसलेल्या ठिकाणी जाता, शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहावे ही आपली खरी गरज आहे. त्यामुळे पैसे जमत असतील तर दुसरा मार्ग धरावा. जमत नसतील तर पहिला धरावा आणि रिम आत घ्यावी. तो अर्धवट उपाय नाही, तोही वर्षानुवर्षे टिकतो.

शाफ्ट स्थानिक लेथवर बनवून घ्यायचे असतील तर पोलादाचे नाव लेखी घ्यावे. मूळचे शाफ्ट बहुधा मध्यम कार्बनच्या पोलादाचे, वरच्या थराला कडकपणा दिलेले असतात. ईएन 24 हे निकेल-क्रोम-मोलिब्डेनमचे पोलाद अधिक चांगले, परंतु केवळ ईएन 24 म्हटल्याने काही होत नाही, त्याला योग्य उष्णता-प्रक्रिया दिलेली असली पाहिजे. ईएन 8 ची सळई कातून, पाणी न देता, चकचकीत पॉलिश करून दिलेला शाफ्ट मूळच्या शाफ्टपेक्षा कमकुवत असतो. जिथे शाफ्टची जाडी बदलते तिथे चांगली गोलाई असावी, टूलच्या टोकाची खरवड राहू नये. माझ्या हाताखालच्या मुलांना मी नख फिरवून पाहायला सांगतो: नख अडले तर तिथूनच चीर सुरू होईल. जाडीचे महत्त्व एवढ्यावरून कळेल, की पिळाची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. 1.31 इंचांच्या 30 स्प्लाइनच्या शाफ्टऐवजी 1.5 इंचांचा 35 स्प्लाइनचा घेतला तर ताकद जवळपास दीडपट होते. मात्र त्यासाठी डिफरन्शियलचे साइड गिअरही तेवढ्या स्प्लाइनचे लागतात, म्हणजे बहुधा लॉकरसकटच बदल करावा लागतो.

लॉकर शाफ्टच्या कामानंतर, आणि शक्यतो स्विचने लागणारा आणि सुटणारा घ्यावा. आपोआप लागणारे यांत्रिक लॉकर आज कारखान्यातूनच येतात. थारमध्ये ईटनचा असा मागचा लॉकर मिळतो, तो दोन चाकांच्या गतीत ठरावीक फरक पडला की लागतो. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे चालकाने लावायचे लॉक असतात. ओल्या घाटातल्या वळणावर मागची दोन्ही चाके जखडलेली असणे धोक्याचे आहे, म्हणून लॉक कधी लावायचा हे चालकाच्या हातात असलेले मला बरे वाटते. डिफरन्शियल वेल्ड करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. ती गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची राहत नाही.

नळ्या मध्यभागातल्या ओतीव गोळ्यात दाबून बसवलेल्या आणि थोड्या वेल्डिंगने धरलेल्या असतात. जास्त टॉर्कने गोळा नळ्यांवर फिरू शकतो, म्हणून त्या जोडावर पूर्ण वेल्डिंग करून घेणे चांगले. ओतीव लोखंडाला साध्या रॉडने, थंड असताना वेल्डिंग केले तर शेजारी चीर जाते. गोळा तापवून, निकेलच्या रॉडने, थोडे थोडे, समोरासमोरच्या बाजूंना करावे आणि सावकाश गार होऊ द्यावे. हाउसिंगला खालून वर आधाराची पट्टी लावायची असेल तर जिगशिवाय (हाउसिंग सरळ धरून ठेवणाऱ्या चौकटीशिवाय) लावू नये. सुरुवातीच्या काळात मी एका जीपला अशी पट्टी एका बैठकीत वेल्ड करून दिली होती. वेल्डिंगच्या ओढीने नळी दोनेक मिलिमीटर वाकली आणि महिन्याभरात डावे सील गळू लागले. ते हाउसिंग मी स्वखर्चाने बदलून दिले आणि तेव्हापासून प्रत्येक वेल्डिंगनंतर हाउसिंग लेथवर चढवल्याशिवाय बाहेर देत नाही.

31 इंची टायरमुळे गाडी उच्च गिअरमध्ये ओढत नाही असे आपण लिहिले आहे. 28 चे 31 म्हणजे सुमारे 11 टक्के वाढ, आणि 4.88 ला त्याने गुणले की 5.4 येतात, म्हणजे 5.38 चे क्राउन-पिनियन घातले की मूळची ओढ परत येते. पुढेही तेच घालावे लागेल. क्राउन-पिनियन बसवणाऱ्या कारागिराकडे डायल गेज आणि इंच-पाउंडाचे टॉर्क रेंच असल्याशिवाय त्याच्या हाती काम देऊ नये. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) 0.15 ते 0.25 मिलिमीटरच्या दरम्यान, नव्या बेअरिंगवर पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा दाब) 20 ते 40 इंच-पाउंड, आणि दातांवरची छाप मध्यभागी. जुने कारागीर छाप पाहण्यासाठी शेंदूर तेलात कालवून लावत, आता पिवळी पेस्ट मिळते. छाप दाताच्या टोकाला किंवा मुळाशी गेली तर शिम (पातळ चकत्या) बदलून पुन्हा सगळे जोडावे लागते. एका दिवसात हे काम उरकणारा कारागीर मी तरी पाहिलेला नाही.

कायद्याबद्दल एवढेच, की मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी-पुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. काम करण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारावे. मूळ हाउसिंग ठेवण्याच्या बाजूने हेही एक कारण आहे.

शेवटी एक स्वस्त काम, जे नव्या अ‍ॅक्सलइतकेच महत्त्वाचे आहे. अ‍ॅक्सलच्या हाउसिंगवर हवा खेळण्यासाठी लहान ब्रीदर असतो. मे महिन्यातल्या उन्हात घाट चढून तापलेला गोळा नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, किंवा सीलमधून, पाणी आत ओढले जाते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीत उंच न्यावी. पाण्यातून गेल्यावर तेल दुधाळ झाले का ते पाहावे आणि झाले असेल तर त्याच आठवड्यात बदलावे. क्राउन-पिनियनच्या हायपॉइड गिअरला जीएल-5 दर्जाचेच तेल घालावे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात भरलेल्या गाडीला 85डब्ल्यू-140 हे मी पसंत करतो.

नवे क्राउन-पिनियन बसल्यावर पहिल्या दिवशी रिकामी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर हळू चालवून पूर्ण गार होऊ द्यावी, मग पुन्हा तेवढीच. पहिले 800 किलोमीटर खत भरू नये आणि घाट टाळावा. नंतर तेल बदलताना ड्रेन प्लगच्या चुंबकाकडे पाहावे. त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असला तर काम बरोबर झाले आहे. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर गाडी तिथेच ठेवून मला फोन न करता आधी झाकण उघडावे आणि तुकड्यांसकट छायाचित्र पाठवावे.